मर्गाच्या ड्यूटीवरून आलेल्या माणसाले घरच्यांनी कसं सांभाळावं?

निंबोळी (धागाकर्ती, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. लिहू की नको, लिहू की नको करत होती, आज लिहूनच टाकते. माह्ये मिस्टर पोलीसमधे हवालदार आहेत, आतल्या एका छोट्या ठाण्याले, बीट सांभाळतात. ठाणं कोणतं ते विचारू नका. बीटात गावं मोप आहेत आणि गावात कोणी औषध घेतलं, फास घेतला, कोणी विहिरीत सापडलं, इज पडली, की पोलीस पाटलाचा फोन ह्यांनाच. मग मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करायचा, पंच गोळा करायचे, पंचनामा लिहायचा, छोटा हत्ती नाईतर ट्रॅक्टर पाहायचा आणि बॉडी ग्रामीण रुग्णालयात पीएमले (पोस्टमॉर्टेमले) न्यायची. पंच सही करतात पण हात लावाले कोणी पुढं येत नाई, लोकं मोबाईल घेऊन उभे राहतात, मग खाली उतरवणारे हेच. नोकरीच ती, मी समजते, इतके वर्ष पाहूनच राह्यली.

पण यंदा कपाशी फुटायच्या टायमाले एक केस झाली, झाडाले फास घेतल्याची, तो माणूस ह्यांच्या ओळखीचा निघाला. पोळ्याच्या बंदोबस्तात त्याच्या घरी चहा पिऊन आले होते. तेव्हापासून माणूस बदलला. रात्री झोपत नाईत, झोपले तर दचकून उठतात. त्या शिवाराचा रस्ता सोडून लांबच्या फाट्यानं ठाण्यात जातात. अंगणात लहान पोरीचा झुला होता, एक दिवस ड्यूटीवरून आले आणि कोणाले काही न बोलता दोर कापून टाकला, पोरगी रडली तर तिच्यावरच ओरडले. दारू पहिले सणावारी होती, आता रोजची झाली. मी काही विचारलं की एकच उत्तर, मले काय झालं, पोलीस आहो मी.

त्यांना कुठं न्यावं, आणि नेलं तर ऑफिसात कळल का, त्याचा पगारावर-प्रमोशनवर परिणाम होते का? आणि घरी मी बोलायचं काय? जाणकारांनी सांगा. टिंगल करणाऱ्यांनी दुसरा धागा पाहा.

---

कोथरूडकर_काका

ताई, वाचून वाईट वाटलं. त्यांना सकाळी प्राणायाम करायला लावा, मोबाईलवर ध्यानाची छान छान अॅप्स आहेत. पोलिसांसाठी योग शिबिरंही होतात. सकारात्मक विचार महत्त्वाचा.

---

वऱ्हाडी_ठेचा

काका, बीट जमादाराची सकाळ कधी होते अन् रात्र कधी होते हे त्यालेच माहीत नसते, प्राणायाम कव्हा करन तो, रात्रीच्या गस्तीनंतर का? राग मानू नका, पण सकारात्मक विचार हे वाक्य ज्यानं सकाळी लेकराले विहिरीतून काढलं त्याले सांगून पाहा एकदा.

---

झाडीचा_वारा (गडचिरोली)

ताई, मी खात्यातलाच आहो, म्हणून लिहितो. आमच्याकडं लोकांना वाटते पोलिसांचं दुःख म्हणजे फक्त नक्षलचं. ते तर होतंच जी. २००९ साल ज्यानं पाह्यलं त्याले विचारा, फेब्रुवारीत मर्केगावात १५ गेले, मे महिन्यात हत्तीगोट्यात १६, त्यात पाच महिला पोलीस, आणि ऑक्टोबरात लाहेरीत १७. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात. मग १ मे २०१९ ले जांभुळखेडा, क्यूआरटीचे (शीघ्र कृती दलाचे) १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून आलो होतो आम्ही.

मी तेव्हा दुसऱ्या पोलीस मदत केंद्रात होतो. गेलेल्यातला एक माझ्या बॅचचा. बॅरेकमधे त्याची खाट, खाटेखाली ट्रंक. ती ट्रंक घरच्यांना पोचवायची ड्यूटी आली आणि दोघं-तिघं नाही म्हणाले, भीतीनं नाही, त्याच्या मायसमोर उभं कसं राहायचं म्हणून. मी गेलो. ट्रंकेत काय काय आहे ते घरच्यांसमोर उघडून, यादी वाचून, सही घ्यायची असते. यादीत बनियन, दाढीचं सामान, मोबाईल चार्जर असं सगळं. ती यादी मला अजून तोंडपाठ आहे. मंत्री आले, सलामी झाली, पेपरात फोटो आले, ते सगळं मी विसरलो, यादी नाही विसरलो.

मला कोणी विचारलं नाही तुला काय झालं. पण आमचा एक जुना एएसआय होता, त्यानं त्या रात्री माझी संत्री ड्यूटी (पहाऱ्याची) स्वतःकडं घेतली आणि मला म्हणाला, झोप नाही आली तर माझ्याजवळ येऊन बस, बोलायची गरज नाही. मी जाऊन बसलो. काही बोललो नाही. तेवढ्यानंच लय फरक पडला जी.

आता लोकं म्हणतात गडचिरोली शांत होत आली, ऑक्टोबर २०२५ मधे नक्षल नेता भूपतीनं साठ जणांसोबत हत्यार टाकलं, चांगलंच आहे. पण ज्यांनी दीडपट पगारावर अर्धी नोकरी तिकडं काढली आणि आता बदली होऊन वाशिम-बुलडाण्याले आलेत, त्यांच्या घरी फटाका फुटला तर काय होते ते त्यांच्या बायकांना विचारा.

---

खरं_बोलू_का

सगळं ठीक आहे पण एक सांगतो, आवडो न आवडो. लॉकडाऊनमधे माह्या भावाले भाजीच्या गाडीसकट झोडपलं होतं, कारण काय तर पाच मिनिट उशीर. ठाण्यात तक्रार घेऊन गेलं तर कसं बोलतात सगळ्यायले माहीत आहे. त्याच्या मनाले जखम, अन् आमच्या पाठीले झाली ते काय? शेतकऱ्याच्या बायकोले कोणी समुपदेशक देते का?

---

निवृत्त_ठाणेदार

खरं_बोलू_का, तुमच्या भावाबरोबर झालं ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हे दोन विषय वेगळे नाहीत. ज्याला तीन रात्री झोप नाही, दोन दिवसांत दोन मर्ग, वरून यात्रेचा बंदोबस्त, त्याच्या हातात काठी देऊन चौकात उभा करणं हे त्याच्यासाठीही धोक्याचं आणि चौकातल्या लोकांसाठीही. नोकरीत मी पाहिलेले जे पोलीस हात उचलायचे त्यातले काही मुळातच तसे होते, त्यांना औषध नाही. पण काही पाच-सात वर्षांपूर्वी अगदी मऊ होते. ते कधी बदलले हे ठाण्यात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाहणारं कोणी नव्हतं.

निंबोळी ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. ठाण्यातला अधिकारी ठरवेल तर बरंच करू शकतो आणि त्याला कुठलाही जीआर लागत नाही. मी माझ्या ठाण्यात एक केलं होतं, वाईट मर्ग झाला की पुढचा मर्ग त्याच माणसाला द्यायचा नाही. बीट कोणाचंही असो. आणि एकट्याला पाठवायचं नाही, जोडीला एक जुना माणूस. लहान लेकराची केस असली तर ज्याच्या घरी त्याच वयाचं लेकरू आहे त्याला शक्यतो टाळायचं. मोहररला, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाला, सांगून ठेवलं होतं, तोच ड्यूट्या लावतो, त्याला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं. मनुष्यबळ कमी असतं हे खरं, दर वेळी जमायचं नाही. जमलं तेव्हा फरक दिसायचा.

आपल्याकडे दरबारात, म्हणजे साहेब सगळ्यांना एकत्र बोलावून अडचणी ऐकतात तिथं, अडचण सांगा म्हणतात. शंभर माणसांसमोर एसपी साहेबांना हवालदार काय सांगणार, मला झोप येत नाही म्हणून? क्वार्टर गळते, बदली पाहिजे, एवढंच सांगतो. आणि जो साहेब वर्षाच्या शेवटी सीआर (गोपनीय अहवाल) लिहितो त्याच्याजवळच मन मोकळं करा ही अपेक्षा तर फारच झाली. मन मोकळं करायची जागा आणि सीआर लिहिणारा हात, हे वेगळेच पाहिजेत. माझं स्पष्ट मत आहे, इथं सगळं अडतं.

---

कपाशीवाला

मी सहसा वाचतो, लिहीत नाई. आज लिहितो.

माह्या बापानं मी बारावीले होतो तवा औषध घेतलं. खरं_बोलू_का भाऊ, तुमचं म्हणणं मले पटते, आमच्या मायले कोणी समुपदेशक देला नाई. पण जो हवालदार पंचनाम्याले आला होता त्याच्याबद्दल सांगतो. लोकं गराडा घालून उभे होते तर त्यानं आधी सगळ्यायले हाकललं. मायले घराच्या आत बसवून पाणी देलं. लिहिता लिहिता मले बाजूले घेऊन हळूच म्हणे, सोसायटीचे कागद अन् सावकाराची चिठ्ठी घरात कुठं आहे ते पाहून ठेव, अन् सात-बारा बापाच्या नावानं आहे का आज्याच्या?

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी, शेतकरी आत्महत्येची मदत एक लाख राहते, तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेवीत. ती केस पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते, अन् त्यासाठी नावावर शेती पाहिजे, कर्ज पाहिजे, तगादा पाहिजे. पोलिसाच्या कागदात काय लिहून आलं हे बी पाहतात. दारूच्या नशेत असं एक वाक्य आलं की गेलं सगळं.

आमचा सात-बारा आज्याच्या नावावर होता. केस अपात्र झाली. तो हवालदार तेरवीले साध्या कपड्यात आला होता, मांडवाच्या मांगं बसला, न जेवता गेला. माय म्हणे हा कोण. निंबोळी ताई, तुमच्या मिस्टरायच्या डोक्यात नुसतं ते झाड नसन. असे अपात्र झालेले कागद बी असतीन, जमलं तर त्या अंगानं विचारून पाहा.

---

निंबोळी

कपाशीवाला भाऊ, तुमचं वाचून मी बराच वेळ फोन बाजूले ठेवला होता. तुम्ही म्हणता ते खरं असू शकते, कारण त्या केसच्या नंतर हे दोनदा तहसीलात जाऊन आले, ड्यूटी नसतांनी. मले वाटलं कोर्टाचं काम असन.

---

मनोगत_ताई

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक आहे, जिल्हा सांगत नाही. थोडं लांब लिहीन, सांभाळून घ्या.

निंबोळी ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं, म्हणजे दचकून उठणं, रस्ता टाळणं, दोर कापणं, चिडचिड, दारू, हे एकाच गोष्टीची वेगवेगळी तोंडं आहेत. भयंकर काही पाहिल्यावर पहिले काही आठवडे असं बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू आपोआप कमी होतं. महिना उलटला तरी तसंच असेल किंवा वाढत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवायचं, कारण मग तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. नुसत्या गोळ्या नाहीत, आघातावर काम करणारी सीबीटी (विचार-वागणूक बदलणारी बोलण्याची उपचारपद्धत) आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धत) आहे, दोन्हीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत केलेली आहे. त्यातच हेही सांगितलंय की धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेसाठी डायझेपामच्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत. म्हणून मेडिकलवाल्याकडून ओळखीनं झोपेची गोळी आणणं एकदम बंद. दारूवर ती गोळी तर जिवावर बेतू शकते.

दुसरं, बोलतं करण्याबद्दल. आपल्याला वाटतं एकदा रडून मोकळा झाला की सुटला. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल नावाच्या माणसानं, जो स्वतः अग्निशमन आणि अँब्युलन्सच्या कामातला होता, घटनेनंतर सगळ्यांना गोलात बसवून काय पाहिलं काय वाटलं ते सांगायला लावायची पद्धत काढली. जगभर पोलिसांत ती पसरली. नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढू शकतो. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, स्पष्ट म्हटलं की हे सक्तीनं करणं थांबवा. म्हणजे झाडीचा_वारा यांच्या एएसआय साहेबांनी जे केलं, बोलायची गरज नाही, नुसता येऊन बस, ते पुस्तकातल्यापेक्षा शहाणपणाचं होतं.

ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्सनी याच्यातून वेगळी वाट काढली, त्यांच्यातलेच काही जवान शिकवून तयार केले. घटनेनंतर तीन-एक दिवसांनी तो सोबती भेटतो, झोप-जेवण-दारू कसं आहे ते विचारतो, महिन्याभरानं परत भेटतो, आणि सुधारणा नसेल तर डॉक्टरकडे पाठवतो. उपचार तो करत नाही. आपल्याकडे प्रत्येक ठाण्यात असे दोन हवालदार तयार करणं काही अवघड नाही. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन नैराश्याची चौकशी करतातच, मग त्याच गावच्या मर्गावर जाणाऱ्या पोलिसाची चौकशी करणारा कोणी का नसावा?

ऑफिसात कळण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क. दवाखाना तुमच्या ठाण्याला परस्पर पत्र पाठवत नाही. कळतं ते बहुतेक ओळखीतून, ओपीडीच्या रांगेत कोणी पाहिलं म्हणून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आधी तुम्ही स्वतः लावून पाहा, घरच्यांनी लावला तरी चालतो.

आणि एक महत्त्वाचं, विचारायलाच पाहिजे म्हणून विचारते. त्यांच्याजवळ ड्यूटीचं हत्यार असतं का? जगायचा कंटाळा आला असं काही बोललेत का? सरळ विचारा त्यांना, विचारल्यानं डोक्यात विचार शिरत नाही. हो म्हणाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि हत्यार शस्त्रागारात जमा, घरातलं फवारणीचं औषध पण शेजाऱ्याकडे.

---

वऱ्हाडी_ठेचा

ताई एक नंबर लिहिलं. पण दारूचं एक सांगा, वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. दिवसा मोहाची दारू पकडून मुद्देमाल जमा करणारा माणूस रात्री कुठून पिते अन् कोणाले सांगते? त्याची तर दुहेरी चोरी झाली ना. यवतमाळात निदान दुकानात जाऊन घेता येते.

---

झाडीचा_वारा (गडचिरोली)

ठेचा भाऊ, हसण्यावारी नेऊ नका पण खरं आहे. आमच्यात ज्याला दारूचा त्रास आहे तो उपचाराला जायलाच भितो, कारण गेलं म्हणजे कबूल केलं, आणि कबूल केलं म्हणजे चौकशी लागण्याची भीती. मग सिक करतो, म्हणजे आजारपणाची रजा टाकतो, कारण लिहितो पाठदुखी. अर्ध्या जिल्ह्याची पाठ दुखते जी.

---

खाकी_ओढणी

मी महिला कॉन्स्टेबल, अमरावती जिल्हा. सगळ्या पुरुषांनी लिहिलं म्हणून मी पण लिहिते. बाईची बॉडी असली की महिला पोलीस पाहिजे, अंगावरच्या खुणा पाहायला, कपडे नोंदवायला. ठाण्यात आम्ही मोजक्याच, त्यामुळं जळालेली सून, विहिरीतली पोरगी, पोक्सोची लहान मुलगी, सगळं आमच्याच वाट्याला. मर्गाला पुरुषांमधे निदान आलटून पालटून होते, आमच्यात कोणाबरोबर पालटणार?

२०२२ मधे महिलांना आठ तास ड्यूटीचा आदेश निघाला, त्याच्या आधी नागपुरात सुरू झालं होतं. जिथं खरंच पाळलं गेलं तिथं मी स्वतः फरक पाहिला. आठ तासात कमी मर्ग होतात असं नाही, पण घरी येऊन आंघोळ करून लेकराजवळ पडायला वेळ भेटते, डोकं खाली यायला वेळ लागते ना. बंदोबस्त आला की आदेश कागदावर, हेही खरं.

ताई, तुमचे मिस्टर आंघोळ किती वेळ करतात पाह्यलं का? मी एका केसनंतर तासभर बाथरूममधे राहायची, वास जातच नव्हता. घरचे म्हणायचे पाणी किती सांडते. कोणाला सांगणार की वास माझ्याच नाकात आहे म्हणून. ओव्यानं, कापरानं थोडं बरं वाटते, पण ते तेवढ्यापुरतंच. मला शेवटी डॉक्टरकडंच जावं लागलं. पाच-सहा महिने गेली. आता ड्यूटी करते, मर्गालाही जाते. डॉक्टरकडं गेलं म्हणून नोकरी गेली नाही, प्रमोशन अडलं नाही. एवढं सांगायलाच लिहिलं.

---

खरं_बोलू_का

बरं. मी माझं म्हणणं मागं घेत नाई, पण खाकी_ओढणी ताईचं वाचलं. वास नाकात राहते हे खरं आहे, आमच्या गावात फवारणीनं माणूस गेला होता, २०१७ ले यवतमाळात किती गेले माहीतच आहे. आम्ही खांदा देला होता. मले एकदाचाच, तुमाले रोज.

---

निंबोळी

सगळ्यायचे उपकार. काल रात्री मी ते अपात्रवालं विचारलं, सरळ नाई, तहसीलात कायले गेलते एवढंच. पहिले चिडले. मग अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसून सांगाले लागले. त्या माणसाच्या बायकोनं ह्यांना विचारलं होतं, जमादार साहेब आमचं बसते ना त्याच्यात, आणि हे हो म्हणाले होते. आणखी निकाल नाई लागला त्याचा. हत्याराचं पण विचारलं, ताई. नाई म्हणाले, आणि हत्यार तर ठाण्यातच राहते. मले खरं वाटलं. औषधाचा डबा तरी मी जावेच्या घरी ठेवून आली.

डॉक्टरकडं जायचं म्हटलं तर म्हणतात यवतमाळले मेडिकल कॉलेजात अर्धा स्टाफ ओळखीचा, पीएमले रोजचं जाणं-येणं. नागपूर म्हटलं तर डायरेक्ट म्हणे, मले पागलखान्यात टाकते का तू.

---

मनोगत_ताई

मग सेवाग्राम. कस्तुरबा दवाखान्यात मानसोपचार विभाग चांगला आहे, वर्धा जिल्हा असल्यानं तुमच्याकडच्या खात्यातलं कोणी भेटायची शक्यता कमी. साध्या कपड्यात, दोघं मिळून जा. आधीच्या गोळ्या-चिठ्ठ्या असतील त्या न्या. दारू एकदम स्वतःहून बंद करू नका, रोजची असेल तर हात थरथरणं, फिट येणं होऊ शकतं, किती घेतात ते डॉक्टरला खरं सांगा. आणि त्या केसच्या निकालाचं ओझं त्यांच्या एकट्याचं नाही, समितीत मोठे मोठे अधिकारी बसतात, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

---

निवृत्त_ठाणेदार

रजेच्या अर्जात कौटुंबिक कारण लिहायला सांगा, पाठदुखी नको. किरकोळ रजा शिल्लक असेल तर एका दिवसासाठी तेवढं पुरतं. आणि ताई, ठाण्यातला जुना कोणी त्यांच्या विश्वासातला असेल तर त्यालाच सोबत घ्या, साहेबाला नको.

---

कपाशीवाला

ताई, त्या बाईचा सात-बारा अन् सोसायटीचा उतारा पाहून घ्याले सांगा जमादार साहेबाले. वारस फेरफार झाला नसन तर तलाठ्याकडं आत्ताच अर्ज टाकावा लागते. अपात्र झालीच तर फेरविचारासाठी कलेक्टर ऑफिसात अर्ज देता येते, आम्ही देला होता, कागद कसा लिहायचा ते मी सांगतो. मेसेज करा.

---

निंबोळी

करते भाऊ. सेवाग्रामले सोमवारचं ठरवून राह्यलो, ह्यांचा दोस्त पण येतो म्हणे, ठाण्यातलाच, ट्रेनिंगपासूनचा. नंबर किती वाजता लागते तिथं?

---

खाकी_ओढणी

सकाळी लवकर पोचा ताई, रजिस्ट्रेशनलाच मोठी रांग राहते. डबा घेऊन जा, दुपार होते.